यिर्मयाचे पत्र आणि सत्तर वर्षे: ऐकणाऱ्यांसाठी आशा कोणती होती?

शरणपूरकर:
यिर्मया २९:११ हे वचन (परमेश्वराचे संकल्प हिताचे असून ते तुम्हांला भविष्याची आशा देणारे आहेत) आमच्या घरी भिंतीवर आहे आणि मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी मी तेच धरून प्रार्थना केली. मात्र मागील रविवारी उपासनेनंतरच्या शास्त्राभ्यासात आधीचे दहावे वचन वाचताना मी अडखळलो, कारण यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या त्या पत्रात परमेश्वर त्यांना तेथे सत्तर वर्षांनंतर परत आणण्याविषयी सांगतो. ते पत्र ऐकणारा चाळिशीचा मनुष्य तो दिवस पाहणारच नव्हता. मग हे त्याच्यासाठी आशेचे वचन कसे ठरले, आणि ते मी माझ्या मुलीसाठी धरणे योग्य आहे का?

निफाडकर:
त्याच पत्रात पाचव्या वचनापासून पाहा: घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. खोटा संदेष्टा हनन्या दोन वर्षांत सुटकेचे आश्वासन देत होता. यिर्मयाने तसली खोटी आशा दिली नाही.

बत्तिसावा अध्याय मला याहून महत्त्वाचा वाटतो. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमेला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा, वेढा पडलेला असताना आणि स्वतः कैदेत असताना यिर्मयाने चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले, खरेदीखतावर साक्षीदार घेतले आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवण्यास आपला लेखनिक बारूख याला सांगितले. माझी द्राक्षबाग आहे. ज्या जमिनीत पाऊल ठेवता येत नाही तिचे पैसे मोजून देणे किती कठीण आहे, हे मी जाणतो. त्या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हेच परमेश्वराने त्या वेळी सांगितले.

जुने नाशिक:
एक दुरुस्ती सुचवतो. सगळेच मेले नव्हते. पारसाचा राजा कोरेश याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतले व परतीची मोकळीक दिली; पुढे मंदिराचा नवा पाया घातला गेला, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले, आणि रडणे कोणते व जयघोष कोणता हे लोकांना ओळखता येईना (एज्रा ३).

आपल्या मुलीविषयी: मूळ हिब्रूतील 'तुम्हांला' अनेकवचनी आहे, मराठीत तो शब्द आदरार्थीही असल्यामुळे हे लपते. वचन संपूर्ण लोकांना आहे. ते तिच्यासाठी अवश्य धरावे, पण त्या लोकांपैकी एक म्हणून; केवळ परीक्षेच्या निकालाची हमी म्हणून नव्हे.

निफाडकरांच्या शेताविषयी एवढेच: एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची गणती आहे, आणि तिच्यात अनाथोथचे १२८ पुरुष आहेत.