हार्वेस्टच्या पैशांवरून कुजबुज: गप्प बसायचं की उत्तर द्यायचं?

इंदूरची_लेक
सलाम मंडळी. प्रश्न इथल्याच एका ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला आहे. उपासना हिंदीत होते, पण घराघरांत मराठी. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाला अर्पण केलेल्या वस्तूंच्या, लिलावाचे पैसे खजिनदार बाईंनी 'इकडेतिकडे केले' अशी कुजबुज चालू आहे, तोंडावर मात्र कोणी बोलत नाही. वडीलधारे म्हणतात, येशूनं दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, सोसा. पोरं म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना एकदा सुनावून टाका. वचनाप्रमाणे काय करावं?

तुकोगंजकर
ताई, आधी हिशेब बघू. हार्वेस्टमध्ये घोळ बहुधा एकाच जागी होतो. लिलावात बोली लागते तो आकडा सगळ्यांच्या कानात बसतो आणि बँकेत जमा होते ती रक्कम कमी असते. भोपळा ५०० ला गेला, पण घेणारा म्हणाला, 'पुढच्या रविवारी देतो.' अशी उधारी साठत जाते. म्हणून कागदावर तीन रकाने पाडा: बोली, मिळालेली रोख, येणं बाकी. सोबत पावतीबुकाच्या स्थळप्रती आणि बँकेची स्लिप जोडा. पैसे मोजताना दोघांच्या सह्या घेतल्या नसतील तर तेही आपणहून सांगा, नाहीतर नंतर तेच उकरून काढतील. हे सगळं पास्टरसाहेब आणि पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) हाती द्या. उपासनेनंतर एकदा वाचून दाखवायचं ते त्यांनी, बाईंनी नव्हे. बाकीदारांची नावं मात्र फलकावर लावू नका. ती नवी बदनामी होईल.

दुसऱ्या गालाचं वचन (मत्तय ५:३९) थपडेबद्दल, म्हणजे अपमानाबद्दल आहे. 'बाई शिष्ट आहेत' असं कोणी म्हटलं तर सोडून द्या. पण दान देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क आहे. यरुशलेमसाठीची वर्गणी पोचवताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलानं सोबत माणसं दिली होती (२ करिंथ ८:१८-२१).

छावणीवाला
मला नाही पटत. १ पेत्र २:२३ वाचा. प्रभूची निंदा झाली तेव्हा त्यानं उलट निंदा केली नाही. कागद नाचवायला लागलं की लोकांना वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय.

राजवाडा_रोड
दादा, तिथं उलट शिवी द्यायला मनाई आहे, उत्तर द्यायला नाही. महायाजकासमोर थप्पड बसली तेव्हा प्रभूनंच विचारलं की माझं काय चुकलं ते सांग (योहान १८:२३). नहेम्याचंही बघा, तो यरुशलेमची भिंत बांधत होता. तो राजा व्हायला निघालाय अशी अफवा त्याचा विरोधक सनबल्लटानं उघड्या पत्रातून पसरवली. नहेम्यानं एवढंच कळवलं की हे तुझ्या मनचं आहे. कोणाकोणाचे कान भरलेत ते शोधत हिंडला नाही, भिंतीच्या कामाला लागला. ती ५२ दिवसांत उभी राहिली (नहेम्या ६).

बोलणारी बाई ठाऊक असेल तर मत्तय १८:१५-१७. एकट्यानं जा आणि समोर बसून बोला. मेसेज नको, त्याचा स्क्रीनशॉट तासाभरात फिरतो. आरोप न करता विचारा: 'तुम्ही असं म्हणालात असं कानावर आलं, खरं का?' मधल्यांनी तिखटमीठ लावलेलं असतं, म्हणून हा प्रश्न आधी. कोणी सांगितलं ते नाव मात्र पुढे करू नका. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, पण नवरा किंवा भाऊ नको. दोन्ही बाजू ऐकतील असे. त्यानंतरच कमिटी. लोक नेमकी पहिली पायरी गाळतात आणि सरळ पास्टरकडे धावतात, मग तीसुद्धा चहाडीच होते. मूळ कोण ते कळलंच नाही तर शोध घेऊ नका, हिशेब पुरे.

लष्करकर_वकील (ग्वाल्हेर)
कोर्टाची भाषा निघायच्या आत सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते. दिवाणी भरपाईचा दावा एका वर्षाच्या आत लावायचा. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामीत मोडत नाही, त्यामुळे कमिटीला हिशेब विचारणाऱ्याला नोटिशीची धमकी देऊ नका. विश्वासणाऱ्यांनी आपसात कोर्टात जाऊ नये असं १ करिंथ ६ सांगतंच.

आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर तिला 'चुगली' म्हणून दाबू नका. तिथं मत्तय १८ च्या पायऱ्या चढत बसायचं नाही. पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

इंदूरची_लेक
आभार. एक राहिलं. महिला संघाच्या सभेत हाच विषय 'प्रार्थनेसाठी' म्हणून निघतो. तिथं काय बोलावं?

राजवाडा_रोड
'बाईंना विचारून हा विषय दिलाय का?' एवढंच विचारा, तेही गोड आवाजात. नाही म्हणाल्या तर म्हणा, 'मग नाव न घेता मंडळीच्या खजिन्यासाठी प्रार्थना करू,' आणि लगेच सुरू करा. चर्चेला जागा ठेवलीत की अर्धा तास गेला. नंतर हे सांगायला बाईंकडे जाऊ नका. 'तुमच्याबद्दल कोण काय बोललं' हे पोचवणारीच पुढचं भांडण लावते.