अनुभव धागा : तुमचा मेटल बँड मवाळ झाला तेव्हा…

परवा कपाट आवरताना मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या काळ्या अल्बमची कॅसेट सापडली. १९९१ साली ती ऐकून मी चक्क रुसलो होतो. त्याआधीच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'चं शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचं, सारखी वळणं घेणारं. आणि आता ही सरळ ठेक्याची, साडेपाच मिनिटांत आटोपणारी गाणी! निर्माता कोण, तर मोटली क्रू या चकचकीत, लोकप्रिय बँडचा 'डॉक्टर फीलगुड' करणारा बॉब रॉक. आमच्या लेखी हा फितुरीचा पुरावाच. तीन महिने कॅसेटला हात लावला नाही. मग लावली ती घरात कोणी नसताना, दार लोटून.

तुमचं काय झालं? मतं नकोत, ती ढिगानं मिळतात. अनुभव लिहा.

* * *

मी बेस गिटार वाजवतो, त्यामुळे माझी गोष्ट उलटी आहे. 'जस्टिस'वर जेसन न्यूस्टेडचा बेस जवळपास ऐकूच येत नाही. गाणी कानानं उचलायचो तेव्हा ट्रेबल पार उतरवून, हेडफोन दाबून धरून शोधायचो. शेवटी गिटारचीच चाल खालच्या सप्तकात वाजवून मोकळा व्हायचो. काळ्या अल्बमवरचं 'सॅड बट ट्रू' पहिल्यांदा लावलं आणि टेबलावरची पेन्सिल घरंगळत खाली पडली. त्या गाण्यात तारा एक पूर्ण सूर खाली उतरवल्यात. मित्र 'विकले गेले रे' म्हणून गळा काढत होते आणि मला माझं वाद्य सापडलं होतं. धंद्यासाठी केलं म्हणा हवं तर. बेस ऐकू आला, एवढं मला पुरे.

* * *

माझा मोठा भाऊ १९८४लाच रुसून बसला होता! 'फेड टू ब्लॅक' अकूस्टिक गिटारनं सुरू होतं म्हणून. म्हणजे वरच्यांचे 'अस्सल' दिवस त्याच्या हिशेबानं कधीच संपलेले. मी आलो 'लोड'मधून, १९९६ला. केस कापलेले फोटो पाहिले, म्हटलं हे असेच दिसत असतील.

* * *

'नथिंग एल्स मॅटर्स'ची सुरुवात मोकळ्या तारांवर आहे, डावा हात लागतच नाही. मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक हेटफील्ड याला म्हणे ती फोनवर बोलता बोलता सुचली. मी गिटार हातात घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती वाजली. वेडीवाकडी, पण ओळखू येण्याइतकी. 'मास्टर ऑफ पपेट्स' अजून एका मिनिटापुढे जात नाही, सगळे फटके खालच्या दिशेनंच मारायचे म्हणजे मनगट भरून येतं. 'सोपं केलं' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांपैकी किती जणांनी हातात वाद्य धरलंय, देव जाणे.

* * *

मेगाडेथ बँडचा मवाळ अल्बम 'रिस्क', १९९९. एकदा ऐकला. पुढचे बोला.

* * *

आमचा स्वतःचा हौशी बँड होता, त्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितोय. इन फ्लेम्स या मेटल बँडचा 'रीरूट टू रिमेन' अल्बम २००२चा. गुरगुरत्या कडव्यांनंतर स्वच्छ गळ्याचं धृपद. ते माझ्या डोक्यात बसलं. आमचं एक गाणं सात मिनिटांचं होतं आणि कार्यक्रमात आम्हाला जेमतेम वीस मिनिटं मिळायची. मी मधला सगळा भाग उडवला आणि सुरेल धृपद दोनदा घातलं. ड्रमर म्हणाला, "तू चांगलं तेवढंच कापलंस." खरं होतं. डबल बेसचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, सगळा खेळ त्याच तुकड्यात होता, महिनाभर पाय दुखेपर्यंत घोटलेला.

त्या दिवशी पहिल्यांदाच समोरचे लोक आमच्याबरोबर गायले. मी खूश. मागे वळून पाहिलं तर ड्रमर मान खाली घालून नुसता ठेका धरून होता. पुढच्या तालमीला आलाच नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, तेही नाही.

कापलेला तुकडा अजून फोनमध्ये ठेवलाय. तीन मिनिटं अकरा सेकंद. त्याला पाठवावा असं बऱ्याचदा वाटतं.