जपानी नर्सची समानुभूती: प्रश्नावलीच्या गुणांवर कुणाचं मूल्यमापन करावं का?

वैदेही (धागा)

जपानमध्ये नर्सची रुग्णांविषयीची समानुभूती, म्हणजे रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून त्याला समजून घेणं, मोजायची म्हटलं की जेफरसन मापनपट्टी या प्रश्नावलीचं नाव हमखास येतं. फिलाडेल्फियातल्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरेझा होजत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. विधानं 20, प्रत्येकापुढे 1 ते 7 आकडे, एकूण गुण 20 ते 140. मूळ पट्टी वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टरांसाठी होती. आरोग्यसेवकांसाठीच्या रूपात 'डॉक्टर' या शब्दाच्या जागी व्यापक शब्द आहे, त्यामुळे ती नर्सनाही देता येते.

माझं मत असं की गटाच्या अभ्यासाला ही पट्टी चालेल, पण निवड, बढती किंवा वार्षिक मूल्यमापनासाठी एकेका नर्सचे गुण वापरू नयेत. ओकायामा विद्यापीठात काताओका आणि सहकाऱ्यांनी जपानी रूप वैद्यकीय विद्यार्थ्यांवर तपासलं. ते 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी 104.3, प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) 13.1, क्रोनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत, याचं माप) 0.80. यावरून एका व्यक्तीच्या गुणांतली मापनत्रुटी काढा: 13.1 गुणिले (1 − 0.80) चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 5.9. त्याच व्यक्तीचं दोनदा मापन केलं तर 95 टक्के खात्रीने 'बदल झाला' म्हणायला 1.96 × 1.41 × 5.9, म्हणजे 16 गुणांचा फरक लागतो. प्रशिक्षणानंतर 104 वरून 112 वर गेलेली नर्स बदलली की नाही, हे या पट्टीवरून कळत नाही. मग तिच्या फाईलमध्ये तो आकडा कशासाठी ठेवायचा?

मापपट्टी

वैदेहीताई, तुमचं गणित बरोबर, पण निष्कर्ष टोकाचा आहे. व्यक्तीसाठी नको, हे मान्य. रुग्णालयांना मात्र वॉर्डची सरासरी हवी असते, आणि तिथे त्रुटी झपाट्याने कमी होते. 300 नर्सची सरासरी घेतली तर प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) 13.1 भागिले 300 चं वर्गमूळ, म्हणजे 0.76 इतकीच. शिवाय या गुणांचा रुग्णाच्या तब्येतीशी संबंध दिसलेला आहे. होजत यांच्या 2011 च्या अभ्यासात 29 डॉक्टर आणि त्यांचे 891 मधुमेही रुग्ण होते. जास्त गुणांच्या डॉक्टरांच्या 56 टक्के रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती, कमी गुणांच्या डॉक्टरांच्या 40 टक्के. 2012 मध्ये इटलीतल्या पार्मा भागातून 242 डॉक्टर आणि 20,961 रुग्णांची आकडेवारी आली, तिथेही जास्त गुणांच्या डॉक्टरांच्या रुग्णांत मधुमेहाच्या तीव्र गुंतागुंती कमी होत्या. इतक्या स्वस्त साधनातून एवढं कळत असेल तर ते बाजूला का ठेवायचं?

शुश्रूषाशिक्षक

मापपट्टी, हे दोन्ही अभ्यास डॉक्टरांचे आहेत, तेही एकच डॉक्टर वर्षानुवर्षं त्याच रुग्णाला पाहतो अशा व्यवस्थेतले. जपानी वॉर्डमध्ये एका रुग्णाला दिवसाच्या दोन-तीन पाळ्यांत वेगवेगळ्या नर्स भेटतात. फुकुई विद्यापीठाच्या रुग्णालयात 2009 मध्ये सुरू झालेली जोडीपद्धत, म्हणजे दोन नर्सनी मिळून रुग्ण सांभाळायचे, आता बऱ्याच ठिकाणी आहे. कुणाच्या समानुभूतीचा परिणाम मोजला, हेच तिथे ठरत नाही. पार्माचा निष्कर्ष उचलून तिथे लावता येणार नाही.

दुसरी अडचण विधानांतच आहे. बरीच विधानं 'मी असं करते' अशी नसून 'रुग्णाच्या भावना समजून घेतल्या तर त्याला बरं वाटतं' या धाटणीची आहेत. त्यांतून नर्सचं मत कळतं, वागणूक कळत नाही. जपानीत वाक्यातला कर्ता गाळला जातो आणि क्रियापदावरून पुरुषही (मी, तू की ती) कळत नाही. त्यामुळे काही विधानं 'मी' म्हणून वाचायची की 'नर्सनी सर्वसाधारणपणे' म्हणून, हे वाचणारीवर सोडलेलं असतं. म्हणून भाषांतरानंतर उलट-भाषांतर (जपानीतून पुन्हा मूळ भाषेत) पुरत नाही. पाच ते दहा नर्सना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावून 'तुम्ही इथे कुणाचा विचार करून आकडा निवडलात?' असं विचारावं लागतं. ही पायरी अनेक जण वेळ नाही म्हणून गाळतात. पुढे घटक विश्लेषणात (कोणती विधानं एका गटात बसतात ते पाहताना) दोन विधानं कुठेच बसत नाहीत, तेव्हा दोष पट्टीला दिला जातो.

सांख्यिक

मापपट्टींच्या 0.76 वर हरकत. तो आकडा 300 नर्स एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून आला. त्या 10 वॉर्डांतल्या 30-30 असतील तर एकाच मुख्य परिचारिकेखाली, सारख्याच रुग्णांत काम करणाऱ्यांची उत्तरं थोडी सारखी येणारच. समजा वॉर्डअंतर्गत सहसंबंध, म्हणजे एका वॉर्डमधल्या उत्तरांतलं साम्य, फक्त 0.05 आहे. रचनेचा परिणाम (या साम्यामुळे माहिती किती पट कमी होते) 1 + (30 − 1) × 0.05 = 2.45. म्हणजे 300 नर्सची माहिती साधारण 122 स्वतंत्र नर्सइतकीच. प्रमाण त्रुटी 1.2 होते.

वॉर्डांची क्रमवारी लावायची असेल तर गणित आणखी विरोधात जातं. त्याच 0.05 ने 30 नर्सच्या वॉर्ड-सरासरीची विश्वसनीयता 1.5 भागिले 2.45, म्हणजे 0.61. ती 0.80 वर न्यायला दर वॉर्डमध्ये 76 नर्सनी उत्तर द्यायला हवं. एवढ्या नर्स कुठल्या वॉर्डमध्ये असतात? 'व्यक्ती नको, वॉर्ड चालेल' हा मधला मार्ग म्हणूनच फसवा आहे.

आता उत्तरं गोळा करताना हमखास होणारी चूक. 10 विधानं सरळ आणि 10 उलट आहेत, म्हणजे त्यांना सहमती दिली तर समानुभूती कमी ठरते. उलट विधानांचे गुण 8 वजा निवडलेला आकडा असे घ्यायचे. एखादीने वाचलंच नाही आणि सगळीकडे 4 ला गोल केला तर 80 गुण. सगळीकडे 7 केला तरी 70 + 10 = 80. सगळीकडे 1 केला तरी 80. एकाच रांगेत गोल ओढणारी प्रत्येक नर्स बरोबर 80 वर येते, आणि तिला 'समानुभूती कमी' म्हणून मोजलं जातं. गटाची खरी सरासरी 104 असेल तर अशा 5 टक्के उत्तरांनी ती 1.2 गुणांनी खाली येते. दोन वॉर्डांतल्या ज्या फरकावर बैठक बोलावली जाते, तो कित्येकदा याहून मोठा नसतो. त्यामुळे आधी सगळ्या 20 खणांत एकच आकडा असलेले कागद वेगळे काढा, मग बेरीज करा.

रिकाम्या खणांचंही तसंच. किमान 16 विधानांना उत्तर असेल तरच कागद धरायचा, उरलेल्या खणांत त्याच व्यक्तीची सरासरी भरायची. पण आधी उलट विधानं पलटवायची आणि नंतर सरासरी काढायची. क्रम चुकला तर कच्च्या आकड्यांची सरासरी साधारण मध्यावर येते आणि चांगल्या नर्सचे गुण विनाकारण घटतात.

मापपट्टी

क्रमवारीचा मुद्दा मान्य. पण ही माहिती साफ करण्याची कामं आहेत, पट्टी सोडून देण्याची कारणं नव्हेत. आणि पर्याय काय? काहीजण मानसशास्त्रज्ञ डेव्हिस यांची 28 विधानांची आंतरवैयक्तिक प्रतिसाद सूची सुचवतात. ती रुग्णांविषयी नाहीच, सर्वसाधारण आयुष्याविषयी आहे. तिच्या चार उपपट्ट्या आहेत: दुसऱ्याच्या नजरेतून पाहणं, कल्पनाविश्वात रमणं, आस्था आणि स्वतःला होणारा त्रास. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे चारींची एकच बेरीज करणं. दुसऱ्याचं दुःख पाहून घाबरून जाणं हे अतिदक्षता विभागात ओझं ठरतं, आणि बेरजेत ते गुण बनून बसतं. जेफरसन पट्टीत निदान ही भेसळ नाही.

वैदेही

यात एक गोष्ट राहते आहे. अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांची सरासरी 114-115 च्या आसपास, जपानची 104. यावरून 'जपानी मंडळी कमी समानुभूतीची' असं सरळ लिहिणारे लेख वाचले की वाईट वाटतं. जपानी उत्तरदाते टोकाचे आकडे टाळून मधले निवडतात, हे चेन, ली आणि स्टीव्हनसन यांनी 1995 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अकरावीच्या विद्यार्थ्यांची तुलना करून दाखवलं होतं. 7 ऐवजी 6 आणि 1 ऐवजी 2 निवडणाऱ्या व्यक्तीचे 20 विधानांत 20 गुण जातात, तिची भावना तसूभरही कमी नसताना. दोन देशांची तुलना करायची तर आधी मापनाची समानता तपासा: विधानांच्या गटांची रचना सारखी आहे का, प्रत्येक विधानाचा समानुभूतीशी संबंध (भार) सारखा आहे का, आणि समानुभूती सारखी असताना विधानांना मिळणारे गुण (सुरुवातीची पातळी) सारखे आहेत का. तिसरी पायरी जमली नाही तर सरासऱ्या शेजारी ठेवायच्याच नाहीत. मराठी रूपांतर करून इथल्या नर्सची जपानशी तुलना करू पाहणाऱ्यांनाही हेच लागू.

शुश्रूषाशिक्षक

मापपट्टींनी पर्याय विचारला. माझं उत्तर: रुग्णाला विचारा. स्ट्युअर्ट मर्सर यांनी स्कॉटलंडमध्ये तयार केलेलं 'केअर' मापन 10 प्रश्नांचं आहे, गुण 10 ते 50, आणि त्याचं जपानी रूप सामान्य बाह्यरुग्ण विभागात तपासलेलं आहे. 'तुम्हाला मोकळेपणी बोलू दिलं का', 'नीट ऐकलं का', असे साधे प्रश्न. नर्स स्वतःविषयी काय मानते यापेक्षा रुग्णाला काय जाणवलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

सांख्यिक

तत्त्व पटतं, पण वॉर्डमध्ये ते मोडतं. तुम्हीच जोडीपद्धतीचं सांगितलंत, मग रुग्ण कोणत्या नर्सविषयी उत्तर देणार? एका डॉक्टरचा भरवशाचा आकडा मिळायला स्कॉटलंडमध्ये सुमारे 50 रुग्ण लागले होते. एका नर्सविषयी 50 रुग्णांची उत्तरं जमवायला किती महिने जातील? शेवटचे दोन प्रश्न, उपचार स्वतःच्या हाती घ्यायला मदत आणि पुढची योजना ठरवणं, हे डॉक्टरशी झालेल्या भेटीचे आहेत. खाटेवर असलेला रुग्ण ते रिकामे सोडतो. आणि नर्सच्याच हातचं औषध घेणारा माणूस कमी गुण द्यायला कचरतो, त्यामुळे गुण वरच्या टोकाला साचतात.

मापपट्टी

शिवाय जपानमध्ये वॉर्डमधले अनेक रुग्ण वृद्ध आहेत, त्यांतल्या कित्येकांना स्मृतिभ्रंश आहे. ज्यांना समानुभूतीची सर्वांत जास्त गरज, तेच कागद भरू शकत नाहीत. ह्युमॅनिट्यूड पद्धतीत, म्हणजे नजर, बोलणं, स्पर्श आणि रुग्णाला उभं करणं या चार खांबांवरच्या शुश्रूषेत, नर्सच्या डोक्यावर कॅमेरा लावून रुग्णाच्या चेहऱ्याशी नजर किती वेळा जुळली, चेहरा किती जवळ होता, हे संगणकाने मोजण्याचं काम जपानी संशोधकांनी केलं आहे. इथे मत मोजलं जात नाही, वागणं मोजलं जातं.

वैदेही

तो मार्ग मला आशादायक वाटतो, प्रशिक्षणासाठी. 'कुशीवर वळवताना तुमची नजर रुग्णाकडे नव्हती' हे दाखवता आलं तर नर्स दुसऱ्याच दिवशी ते बदलू शकते. पण दोघांच्या तोंडावर मास्क असला की चेहऱ्याचा खालचा भाग झाकतो, चेहरा ओळखण्यात चुका वाढतात, आणि कुशीवर झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या आणखी वाढतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची संमती हा वेगळाच प्रश्न. आणि मोजलेली नजर बढतीला जोडली की नर्स नजर जुळवतील, पण रुग्ण अस्वस्थ होऊन मान वळवतो आहे हे त्यांच्या लक्षात येणार नाही.

शुश्रूषाशिक्षक

प्रश्नावली द्यायचीच असेल तर ती कशी दिली जाते, यावर बोलायला हवं. जपानमध्ये अनेकदा रुग्णालयाच्या परिचर्या संचालिकेकडून गठ्ठा वॉर्डप्रमुखाकडे येतो आणि भरलेले कागद त्या वॉर्डप्रमुखाकडेच परत जातात. बंद पाकीट असलं तरी ती टेबलावरून गोळा करते. अशा वेळी कोण 3 ला गोल करेल? टपालाने थेट संशोधकाकडे पाठवायचं पाकीट द्या, नाहीतर स्वतःच्या फोनवरून भरायचा क्यूआर कोड द्या. उत्तरं कमी येतील, पण खरी येतील.

आणि वेळ पाहा. दोन पाळ्यांच्या पद्धतीत रात्रपाळी बऱ्याच ठिकाणी 16 तासांच्या आसपास असते. जपानी परिचर्या संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शनात एका पाळीचा बांधील वेळ 13 तासांच्या आत आणि दोन पाळ्यांत किमान 11 तासांचं अंतर सांगितलं आहे, म्हणजे ही अडचण त्यांनाही माहीत आहे. रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सपुढे 20 विधानं ठेवली तर तुम्ही थकवा मोजत असता. प्रश्नावलीवर एक खण वाढवा: मागची पाळी कोणती आणि ती संपून किती तास झाले.

मापपट्टी

तो खण मी घेतो. माझी भूमिका आता एवढीच उरते: व्यक्ती नको, क्रमवारी नको, पण त्याच नर्सना प्रशिक्षणाआधी आणि नंतर, टोपणक्रमांकाने जोडून, पट्टी द्यावी. त्याच नर्सचा आधीचा आणि नंतरचा असा फरक घेतला की वॉर्डावॉर्डांतला भेद आपोआप वगळला जातो.

सांख्यिक

तुलनेला प्रशिक्षण न मिळालेला वॉर्ड हवाच. आणि एप्रिल टाळा. जपानचं कार्यालयीन वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, त्याच दिवशी नव्या नर्स रुजू होतात आणि जुन्यांच्या वॉर्डबदल्या होतात. फेब्रुवारीत पहिलं आणि मेमध्ये दुसरं मापन ठेवलं तर टोपणक्रमांक जुळूनही नर्सचा वॉर्ड, मुख्य परिचारिका आणि रुग्ण बदललेले असतात. जूनच्या मध्याला पहिलं, नोव्हेंबरमध्ये दुसरं घ्या. आणि त्या दोन तारखांच्या मध्ये बदली झालेल्यांची यादी परिचर्या विभागाकडून आधीच मागून ठेवा, नंतर ती मिळणं कठीण जातं.