मंडळाच्या कार्यक्रमात बायकांवरचे घाण विनोद, मीटिंगमध्ये काय बोलू?

रंकाळावेस_वहिनी

नमस्कार मंडळी. इथं कोल्हापूरचे बरेच जण आहेत म्हणून विचारते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते इंडियाज गॉट लेटेंटचं प्रकरण झालं ना, यूट्यूबवरच्या त्या कॉमेडी शोमध्ये स्पर्धकाला आईबापाबद्दल घाण प्रश्न विचारला ते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता जाळ झाला होता. आईबापाबद्दल असलं विचारतात, ह्यांना चौकात उभं करून फोडलं पाहिजे, काय काय लिहीत होते. मला पण तो प्रश्न किळसवाणाच वाटला, त्यात वाद नाही. पण त्याच ग्रुपवर रोज सकाळी अंबाबाईचा फोटो पडतो आणि त्याच्याखाली लगेच बायकोवरचे विनोद, जाडी बायको, डोकं खाणारी बायको, शेजारीण कशी दिसते वगैरे, आणि हसणारे कोण तर तेच सगळे.

यंदा मंडळानं ऑर्केस्ट्रा आणला, मधे बोलायला एक कॉमेडीवाला. पुढच्या रांगा सगळ्या बायकांच्या, शाळेतल्या पोरी पण होत्या. त्यानं एका नवीन लग्न झालेल्या पोरीला उभं केलं आणि माईकवरनं पहिल्या रात्रीचं विचारायला लागला, मागनं शिट्ट्या. ती हसली, करणार काय, शेजारी सासरे बसलेले. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना बोलले तर म्हणतात, वहिनी विनोद विनोदासारखा घ्यायचा, आपली माणसं रांगडी पण मनानं साफ. म्हणजे मोबाईलमधल्या पोरानं बोललं की संस्कृती बुडाली आणि आपल्या स्टेजवरच्यानं बोललं की मन साफ?

पुढच्या कार्यक्रमाची मीटिंग आहे, मी बोलणार आहे. काय मुद्दे मांडू? कुणाच्या मंडळात हे थांबवलंय का?

पेठेतला_गडी

वहिनी राग मानू नका, पण मला हे जरा जास्त वाटतंय. आम्ही जत्रेतला तमाशा बघत मोठे झालो, दोन अर्थाचं बोलणं आपल्या मातीतच हाय. दादा कोंडकेंचे पिक्चर थेटरात पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, घरातल्या बायका पण जाऊन बघत होत्या की. त्या पोरीला उभं करून विचारलं ते चुकलंच, ते मी पण मान्य करतो. पण म्हणून सगळंच बंद करा म्हटलं तर उद्या स्टेजवर फक्त भक्तिगीतं म्हणायची का? आणि तो लेटेंटवाला प्रकार वेगळा, तिथं आईबापाला मधे ओढलं, ते कुणालाच सहन होणार न्हाई.

ढोलकी_आणि_हलगी

गडीभाऊ, तमाशाचं नाव मधे आणलंत म्हणून लिहितो, माझा ह्या कलावंतांशी बऱ्याच वर्षांचा संबंध आहे. तमाशातल्या गौळणीत कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, चावट बोलतात, बरोबर, पण समोर गवळणींची म्होरकी मावशी असते आणि ती त्यांची अशी काही खरडपट्टी काढते की सगळ्यात मोठा हशा तिच्या उत्तरालाच येतो. बोलणाऱ्याला तिथल्या तिथं जबाब मिळतो, त्या गौळणीची सगळी गंमतच ती आहे. वहिनींनी सांगितलेल्या कार्यक्रमात त्या पोरीच्या हातात माईक होता का? तिला उलटं बोलायची सोय होती का? नव्हती. एकट्याला माईक देऊन खाली बसलेल्या बाईची अब्रू काढायची, ह्याला तमाशा म्हणू नका, तमाशाचा अपमान होतो.

आणि दुटप्पीपणाचंच बोलायचं तर सगळ्यात जास्त तो ह्या कलावंत बायकांनी सोसलाय. रात्री फडावर पैसे उडवायचे आणि सकाळी तिला गावात खोली भाड्यानं द्यायची नाही. विठाबाई नारायणगावकर, राष्ट्रपतींच्या हातनं सन्मान घेतलेली बाई, २००२ मध्ये गेली तेव्हा हलाखीत होती. तिच्या लावणीला टाळ्या वाजवणारे कमी होते का?

कळंब्याची_पोरगी

वहिनी मी तुमच्या बाजूनं आहे, पूर्ण. मी तर असल्याच एका कार्यक्रमातनं मैत्रिणींना घेऊन उठून आलो होतो, मागनं आवाज आला 'लागलं व्हय पोरीस्नी'. तुम्ही लेटेंटचं काढलंत म्हणून एक सांगतो. त्या एपिसोडमध्ये सोशल मीडियावर व्हिडिओ करणारी अपूर्वा मखीजा पण परीक्षक होती, ती पण घाण बोलली, बोललीच, तिच्यावर टीका करा की. पण एप्रिलमध्ये ती परत इन्स्टाग्रामवर आली तेव्हा तिनं आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट टाकले, त्यात बलात्काराच्या आणि ॲसिड टाकायच्या धमक्या होत्या. म्हणजे आईबापाचा मान राखायला निघालेली माणसं एका पोरीला हे लिहीत होती!! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही? आमच्या ग्रुपवर तरी एक शब्द निघाला नाही.

लांब कशाला जायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टानं सांगितल्यावर बायका अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला लागल्या तेव्हा बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी आंदोलन करणाऱ्या तृप्ती देसाईंना आत धक्काबुक्की झाली, दवाखान्यात न्यायला लागलं. तिचं आंदोलन पटो न पटो, देवीच्या समोर एका बाईवर हात उचलला गेला आणि बरेच जण म्हणत होते ती साडी नेसून आली नव्हती. देवीला साडीचोळी करायची, करवीरनगरी ताराराणीची म्हणून छाती फुगवायची आणि समोरच्या जिवंत बाईला मात्र मान द्यायचा तो तिच्या कपड्यावर, लग्नावर, कुणाच्या घरची आहे त्याच्यावर. स्वतःच्या बहिणीला त्या स्टेजवर कुणी असं विचारलं असतं तर मागं शिट्ट्या वाजवणाऱ्यांनीच खुर्च्या फेकल्या असत्या. मला असला मान नको. मी कुणाची बहीण नसलो तरी मला नीट बोललं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

वकिलीण_शाहूपुरी

कळंब्याच्या ताईंनी मनातलं लिहिलं. वहिनी, तुम्ही मीटिंगमध्ये संस्कृतीचा मुद्दा घेऊच नका, त्यात सगळे तुमच्याबरोबर माना डोलावतील आणि काहीच होणार नाही. त्या एका पोरीचं बोला, म्हणजे तिला विचारून, तिचं नाव न घेता. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, बाईच्या लज्जेचा अपमान करायच्या हेतूनं शब्द, हावभाव वगैरे केले तर तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. जुन्या आयपीसीत हे ५०९ होतं. केस करा असं मी म्हणत नाही, हेतू सिद्ध करण्यावरनं कोर्टात भरपूर वाद होतो, पण आपण बोलावलेल्या माणसावर हे लागू शकतं एवढं कळलं तरी कमिटी सावध होते.

आणि गावानं ठरवलं तर होतं. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायचं परिपत्रक काढलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ मध्ये आई-बहिणीवरनं शिवी दिली की पाचशे रुपये दंड असा ठराव केला. मंडळ तर त्यापेक्षा लहान.

पेठेतला_गडी

ढोलकीभाऊंचं पटलं, माईकचा मुद्दा बरोबर हाय. तरी दंडबिंड मला जमत न्हाई, पोरं ऐकणार न्हाईत, उलट मुद्दाम करतील. त्यापेक्षा सुपारी देतानाच बोलायचं. आमच्या तालमीनं ऑर्केस्ट्रावाल्याला बयाणा देताना गाण्यांची यादी आधी मागितली होती, तशी निवेदनाची पण मागा. प्रेक्षकातल्या बाईला उभं करायचं न्हाई, बायकांच्या अंगावर बोलायचं न्हाई, बोललास तर राहिलेले पैसे मिळणार न्हाईत, असं पावतीवर लिहून सही घ्या. पैशाचं म्हटलं की ऐकत्यात.

रंकाळावेस_वहिनी

सगळ्यांचे आभार. पावतीचं मला एकदम पटलं, ते मी मांडते. त्या पोरीशी काल बोलणं झालं, ती म्हणाली नाव घेऊ नका पण मी मीटिंगला येते, तुमच्या शेजारी बसते. आणखी चौघीजणी तयार आहेत. वकीलताई, पावतीवर घालायच्या त्या दोन ओळी तुम्ही नीट शब्दात लिहून द्याल का इथंच? रविवारच्या आत मिळाल्या तर बरं होईल.