काटा हेडलाइटबरोबर हलतो का, ते आधी पाहावे
गाडीतील इंजिनच्या तापमानाचा काटा वर-खाली होतो म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह नियंत्रित करणारी झडप) गेला, हे निदान पुष्कळदा बरोबर ठरते. तरीही तो बदलण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पाहावा. त्याच क्षणी काटा उडी मारत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा (विजेच्या परतीच्या जोडणीचा) असतो, कारण कूलंटचे तापमान इतक्या झटक्यात बदलूच शकत नाही. आमच्या पिकअपमध्ये इंजिन आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती. तिची टोके पॉलिश पेपरने घासून ती पुन्हा घट्ट आवळल्यावर काटा स्थिर झाला.

मात्र काटा चढत असताना हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर कूलंट कमी झाले आहे किंवा त्यात हवा अडकली आहे असे समजून गाडी ताबडतोब थांबवावी, आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला कृपया हात लावू नये.