मदत हवी आहे: शुगर कमी असतानाही गोळीमुळे इन्सुलिन का सुटतं?

आषाढीला अण्णांनी (वय ७१) सवयीने सकाळी ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेतली आणि मग दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साडेबाराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक. मीटरवर ५४. साखरपाणी दिलं, पाव तासाने ७८. आता बरे आहेत, मी मात्र अजून घाबरलेलीच आहे.

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी रक्तात साखर किती आहे ते बघत नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसले. समजलं ते असं: स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत साखर सहज शिरते. तिथे ग्लुकोकायनेज हे विकर तिला फॉस्फेट जोडतं. रक्तातली साखर चढेल तसा त्याचा वेग चढतो, म्हणजे पेशीचं मोजमाप खरं तर तिथेच होतं. पुढे तंतुकणिकांत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं. उपाशीपोटी पेशीपटलावरच्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघड्या असतात. एटीपी वाढलं की त्या मिटतात, पटलावरचा सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा दाब उतरतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आणि कॅल्शियम आत आलं की इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात.

मग ग्लिमेपिराइड यात नेमकी कुठे शिरते? आणि शेजारच्या काकूंनी सिटाग्लिप्टिन घेऊन तोच उपास केला, त्यांची शुगर ९६ होती. तीही गोळी इन्सुलिनच वाढवते ना?

प्रतिसाद:
ताई, तुमची साखळी बरोबर आहे. ग्लिमेपिराइड थेट पोटॅशियमच्या वाहिनीवर बसते. वाहिनीला मधलं छिद्र असतं आणि त्याभोवती सर-१ नावाची प्रथिनं. गोळी त्या सर-१ ला चिकटून छिद्र मिटवते. ग्लुकोकायनेज, एटीपी, सगळं बाजूला राहतं. साखर नसतानाही पेशीला ती असल्याचा निरोप जातो.

हाच गुण काही तान्ह्या बाळांच्या कामी आला आहे. २००४ मध्ये कळलं की जन्मानंतर लवकर होणाऱ्या मधुमेहात बऱ्याचदा या वाहिनीच्या जनुकातच दोष असतो आणि एटीपी असूनही ती मिटत नाही. अशा अनेक मुलांची इंजेक्शनं सुटून याच गटातल्या गोळ्या सुरू झाल्या. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

सिटाग्लिप्टिनचं काम वेगळं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक येतं आणि काही मिनिटांत तुटतं. गोळी ते टिकवून धरते. त्याने बीटा पेशीत सीएएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं आणि आत आलेल्या कॅल्शियमचा परिणाम मोठा होतो. पण साखर कमी असेल तर कॅल्शियमच आत येत नाही, मग मोठं काय होणार? म्हणून काकूंची शुगर सहसा अशी घसरणार नाही. अण्णांच्या पुढच्या उपासाआधी मात्र गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, परस्पर बंद करू नका.

धागाकर्ती:
खूप आभार. पुढच्या आठवड्यात संकष्टी आहे, अण्णा चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.