वादळात जनरेटर म्हणजे चैन?

आगरवाला, श्रीवर्धन
काल इथे एकाने लिहिलं, "वादळात जनरेटर ही चैन आहे. आमच्या आजोबांनी कंदिलावर जन्म काढला, तुम्हाला चार दिवस निघत नाहीत?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

कसले चार दिवस? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं आणि आमच्या आळीत लाइट आली २६व्या दिवशी. आजोबांच्या विहिरीला रहाट होता, आमच्या विहिरीला १ एचपीचा पंप आहे. विहीर तुडुंब आणि घरात प्यायला थेंब नाही. आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. वाडीतल्या साठ पोफळी आडव्या, त्या बघत बसायचं की पाण्यासाठी वणवण करायची? शेवटी मेव्हण्याने टेंपोतून ३ केव्हीएचा जनरेटर आणून दिला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तेवढ्यात टाकी भरायची, फ्रीज गार करायचा, अख्ख्या आळीचे मोबाइल चार्ज करायचे. याला चैन म्हणायचं असेल तर म्हणा.

खळ्यावरचा, दापोली
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. आमच्या कुंपणापलीकडे सुट्टीपुरता बंगला आहे. निसर्गनंतर तिथे रात्रभर जनरेटर धडधडत होता, बेडरूम गार ठेवायला. माझी सून तेव्हा आठ दिवसांची बाळंतीण. पोर दचकून उठायचं, धूर थेट खिडकीत. आणि इन्सुलिनचं म्हणाल तर वापरातली बाटली फ्रीजबाहेर महिनाभर चालते, मडक्यात ठेवायची. विहिरीला रहाट परत बसवा, पेट्रोलवर ओतलेत त्याहून कमीत होईल.

आगरवाला, श्रीवर्धन
वापरातली एक चालते हो. लॉकडाऊनमुळे दोन महिन्यांचं भरून ठेवलं होतं, त्याचं काय? शेजाऱ्याचा राग माझ्यावर काढू नका.

वायरमनची लेक, चिपळूण
एकच विचारते. तो जनरेटर घराच्या वायरिंगला जोडलात कसा?

आगरवाला, श्रीवर्धन
दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून पडवीतल्या सॉकेटमध्ये. सगळे तसंच करतात. मेन बंद करायचो मी.

वायरमनची लेक, चिपळूण
रोज दोन्ही वेळा, न चुकता? आणि "लाइट आली का बघू" म्हणून घरातल्या कुणी मेन वर केला असता तर? तुमचा करंट सर्व्हिस वायरने खांबावर जातो. डीपीचे, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज जागेवर असतील तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि तिकडच्या तारेवर ११,००० व्होल्ट उभे राहतात.

माझे बाबा एका वादळानंतर डीपीचे फ्यूज स्वतःच्या हाताने काढून खांबावर चढले होते. आळीच्या टोकाला कुणीतरी जनरेटर सुरू केला. बाबा पट्ट्याला लटकून राहिले म्हणून वाचले. उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. भात कालवताना ती ताटाबाहेर ताठ राहतात. रोज समोर बसून बघते मी.

आगरवाला, श्रीवर्धन
वाईट वाटलं, पण मला खुनी ठरवू नका. अख्ख्या गावाचा लोड अंगावर आला तर ३ केव्हीएचा जनरेटर जागेवर बंद पडेल. आणि चढण्याआधी तारा अर्थ करायच्या, म्हणजे जमिनीला जोडायच्या, हा नियम आहे ना?

वायरमनची लेक, चिपळूण
गावाचा लोड येतो कुठून? तारा तुटून पडलेल्या असतात. तुमच्या घरापासून तुटल्या टोकापर्यंत चार खांब जिवंत, तेवढं तुमचा जनरेटर आरामात ओढतो. नियम आहेच. चार माणसं, अंगावर पाऊस, खाली उभं राहून लोक ओरडतायत "कधी येणार लाइट", त्यात एकदा नियम चुकला. तुमच्या मेनसारखाच.

हापूसवाले, देवगड
विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली, दुसऱ्या दिवशी कडक ऊन आणि सोलर बंद! लाखावर रुपये घालून अंधारात बसायचं? ही शुद्ध फसवणूक आहे.

पुण्यातला इलेक्ट्रिशियन
फसवणूक नाही. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, व्हायलाच हवा. नाहीतर तुमच्या छतावरचा करंट ताईंच्या वडिलांच्या हातात.

हापूसवाले, देवगड
मग विकताना का नाही सांगितलं? बिल शून्य होईल एवढंच घोकत होता.

खळ्यावरचा, दापोली
तुम्ही विचारलंत का?

हापूसवाले, देवगड
मी आंबा पिकवतो, इन्व्हर्टर नाही. सांगायचं काम विकणाऱ्याचं.

पुण्यातला इलेक्ट्रिशियन
हे मान्य, सांगायलाच हवं होतं. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लावा, मग लाइट नसतानाही चालेल. खर्च मात्र बराच वाढतो.

हापूसवाले, देवगड
म्हणजे पुन्हा खिशात हात माझाच.

म्हापशेकर
सोलर राहू दे बाजूला. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी आम्ही जनरेटर भिजू नये म्हणून पडवीत घेतला, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्या. तासाभरात सगळ्यांची डोकी ठणकायला लागली, वहिनीला उलट्या. आम्हाला वाटलं जेवण बाधलं. आजीला उठवायला गेलो तर ती डोळेच उघडेना. उचलून पावसात अंगणात आणली तेव्हा शुद्धीवर आली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तो. त्या वायूला ना वास ना रंग. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, वर पत्रा, चारी बाजू उघड्या. आता आमचा तिथेच असतो.

आगरवाला, श्रीवर्धन
आमचा पडवीतच होता. दार उघडं असायचं, पण होता.

बरं. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर एकच जोडणारा, मेच्या आत बसवून घेतो, जनरेटर खळ्याच्या टोकाला नेतो. विकणार नाही, आणि चैन हा शब्द मान्य नाही तो नाहीच. दापोलीकर, रहाटाचे खांब गोठ्याच्या माळ्यावर अजून आहेत.

खळ्यावरचा, दापोली
वाळवी बघा आधी. दिवसाचा तासभर लावलात तर माझं काही म्हणणं नाही. रात्री नको.

वायरमनची लेक, चिपळूण
मे लांब आहे. ती दोन्हीकडे पिन असलेली वायर आज कापून टाका.